खिडकीतले खडे

अण्णांच्या पायाची जखम भरेना, तेव्हा माती तुडवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तसं रीतसर मला कोणी सांगितलं नाही. एका सकाळी सासूबाई मातीच्या खड्ड्यापाशी उभ्या राहिल्या, त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पाय स्वच्छ धुऊन ये." मला वाटलं, कुठेतरी बाहेर जायचंय. मी पाय धुतले, केस विंचरले, जराशी पावडरही लावली. परत आले तर त्या म्हणतात कशा, "हं, उतर आता आत."

अण्णा म्हणजे माझे सासरे. सगळा गाव त्यांना टणटण अण्णा म्हणतो, कारण हातात आलेलं प्रत्येक भांडं ते बोटाच्या पेराने वाजवून बघतात. स्वतःच्या भट्टीतलं तर बघतातच, पण कुणाकडे चहाला गेले तरी आधी कप वाजवतील आणि मग चहा पितील. आवाज बद्द आला तर यजमानाला तोंडावर सांगतील, "याला तडा गेलाय." लोक त्यांना चहाला बोलावतात तरी कसे, हे मला लग्न होऊन आल्यापासून पडलेलं कोडं आहे.

माती तुडवणं लांबून फार सोपं दिसतं. सकाळी भिजलेली माती इतकी गार असते की पहिल्या पावलालाच दातावर दात वाजतात. आधी टाच रोवायची, मग चवडा. कडेने सुरुवात करून गोलगोल आत यायचं आणि मधोमध पोचलं की पुन्हा कडेला जायचं. सुरुवातीला माझ्या पोटऱ्या अशा धरल्या की खाली बसले तर उठायला यांचा हात लागायचा. आमचे हे तेव्हा चाकावर बसायचे, म्हणजे अण्णांच्या जागेवर, आणि त्यांचीही काही धडगत नव्हती. अण्णा भिंतीला टेकून स्टुलावर बसलेले, डावा पाय लांब केलेला, आणि नजर आम्हा दोघांवर रोखलेली.

तोंडाने बोलले असते तर परवडलं असतं. पण अण्णा बोलायचे नाहीत. मी खड्ड्यातून बाहेर आले की ते लंगडत यायचे, तारेने मातीचा गोळा कापायचे, बोटांत चोळत बसायचे आणि खडा सापडला की "हं" म्हणायचे. तो खडा पुसून खिडकीत मांडून ठेवायचे. मातीत खडा राहिला की भट्टीत मडकं तिथेच तडकतं, हे मलाही ठाऊक होतं. पण खिडकी रस्त्याकडची. येणारा-जाणारा विचारायचा, "अण्णा, हे काय मांडलंय?"

"आमच्या सूनबाईची कमाई," अण्णा म्हणायचे.

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सासूबाई संध्याकाळी माझ्या पोटऱ्यांना तेल चोळताना म्हणाल्या, "तुझ्यावर नाही गं त्यांचा राग, पायावर आहे. मातीत उतरले की टाचेखाली खडा कळायचा त्यांना, नुसता कळायचा. आता गोळा हातात घेऊन शोधावा लागतो. पायाला बोलून उपयोग नाही, म्हणून तुला."

जखम घोट्याच्या वर, आतल्या बाजूला होती. काही वर्षांपूर्वी फुटक्या खापराचा ओरखडा उठला, एवढंच निमित्त. भरतेय असं वाटायचं आणि पुन्हा उघडायची. असं होता होता ती डबीच्या झाकणाएवढी झाली. तिला वास यायचा. चारचौघांत बसायची वेळ आली की अण्णा वारा कुठून येतोय ते बघून शेवटच्या टोकाला बसायचे. हे आमच्या ध्यानात यायला फार उशीर लागला आणि आलं तेव्हा फार वाईट वाटलं.

दवाखाने झाले नव्हते असं नाही. इथला झाला, शेजारच्या गावातला झाला, शहरातला झाला. प्रत्येक ठिकाणी अण्णा नवेच. "कधीपासून आहे? कशाने झालं?" इथून सुरुवात, आणि शेवटी एक चिठ्ठी. त्या सगळ्या चिठ्ठ्या सासूबाईंनी एका तडा गेलेल्या बरणीत कोंबून ठेवल्या होत्या.

मग त्या हिवाळ्यात आरोग्य केंद्रात नवीन सिस्टर आल्या. स्कूटरवरून यायच्या, मागे औषधांची पेटी आणि गळ्यात अडकवलेल्या पिशवीत टॅब. पहिल्या दिवशी त्यांनी पट्टी सोडली, जखम धुतली, शेजारी कागदाची छोटी मोजपट्टी चिकटवली आणि टॅब समोर धरला.

"हे काय?" अण्णा म्हणाले.

"फोटो काढतेय."

"जखमेचा? का, स्थळं बघायला घेतली काय तिला?"

"घेतलीयत ना," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा हात जराही हलला नाही. "शहरात मोठे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवायचीय. ते तिकडे बसून बघतील. पसंत पडली तर बोलावतील."

सासूबाईंना ही बाई तिथेच आवडली. त्यांनी बरणी आणून सिस्टरपुढे उपडी केली. सिस्टर ओट्यावर मांडी घालून बसल्या, एकेक चिठ्ठी सरळ करत टॅबमध्ये भरत गेल्या. चहा थंड झाला, मी तो पुन्हा गरम करून आणला, तोही थंड झाला. मधेच त्या थांबल्या.

"अण्णा, हे पिवळं मलम तुम्हाला किती जणांनी दिलंय?"

"बऱ्याच जणांनी. चांगलं असणार."

"लावल्यावर काय होतं?"

"खाज सुटते. आग होते. कातडं सोलून निघतं."

"अहो, मग सांगितलं नाही कुणाला?"

"प्रत्येकाला सांगितलं," अण्णा म्हणाले. "पण प्रत्येक वेळी माणूस वेगळा."

सिस्टरांनी टॅबमध्ये काहीतरी लिहिलं आणि आम्हाला दाखवलं. लाल चौकटीत त्या मलमाचं नाव होतं.

शहरात गेलो तेव्हा मी बरोबर होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. आधी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं. आमचे फोटो त्यांच्या संगणकावर आमच्याआधी पोचलेले. त्यांनी औषधं टाइप करायला घेतली आणि संगणकातून टुंग असा आवाज आला. पडद्यावर तीच लाल चौकट. "अरेच्चा, हे मलम तुम्हाला चालत नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ते खोडलं. अण्णा खुर्चीतून पुढे झुकून त्या संगणकाकडे बघत राहिले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वाजवल्याबरोबर कळलं त्याला."

मोठ्या डॉक्टरांनी तर कमालच केली. त्यांनी अण्णांच्या पावलाला एक नळकांडं लावलं आणि त्यातून सूं-सूं, सूं-सूं असा आवाज यायला लागला. पायात रक्त नीट पोचतंय का, ते डॉक्टर ऐकत होते. अण्णांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "हा माणूस आपल्यातला आहे," त्यांनी मला डोळ्यांनीच सांगितलं.

"रक्त खाली नीट येतंय," डॉक्टर म्हणाले, "पण वर परत जाताना तुंबतंय. शिरा थकल्यात. उभं राहून राहून होतं असं." त्यांनी जखमेवर ओलसर राहणारी पट्टी सांगितली आणि तिच्यावर पावलापासून गुडघ्यापर्यंत घट्ट गुंडाळायची दुसरी. बसताना पाय उंच ठेवायचा. दोन्ही पट्ट्या सिस्टरशिवाय कुणी सोडायच्या नाहीत. मग त्यांनी चष्मा काढला आणि सरळ सांगितलं, "उन्हाळा संपेपर्यंत भरली तर उत्तम. नाहीतर दाखल व्हावं लागेल, मांडीचं कातडं काढून लावावं लागेल. आणि जखम हाडापर्यंत गेली, तर मग पाऊल वाचेल याची मी खात्री देणार नाही."

घरी आल्यावर अण्णा चाकापाशी गेले, खाली वाकून रिकामं चाक हाताने एकदा फिरवलं आणि ते थांबेपर्यंत बघत राहिले.

पण घट्ट पट्टीने गुण येऊ लागला. दर आठवड्याला सिस्टर यायच्या, धुवायच्या, फोटो काढायच्या, आणि आम्ही सगळे टॅबभोवती गोळा व्हायचो. कडा आत सरकत होत्या. वास गेला. अण्णा एका उपड्या कुंडीवर पाय ठेवून अगदी राजासारखे बसायचे. खिडकीतल्या खड्यांची भर मात्र चालूच होती.

आणि मग एके दिवशी सिस्टरांनी पट्टी सोडली आणि त्यांचा चेहरा उतरला. जखम कोरडी पडली होती, कडांना भेगा होत्या, एका भेगेतून रक्त आलं होतं. "असं कसं झालं?" त्या म्हणाल्या. अण्णा म्हणाले, "काय माहीत बुवा." पुढच्या वेळी थोडी सुधारली, त्याच्या पुढच्या वेळी आणखी सुधारली. आणि परत तेच, भेगा. चढायचं आणि घसरायचं, असं सगळं चाललं होतं. ऊन तापायला लागलं होतं. माठांची मागणी वाढली होती, भट्टीमागून भट्टी लागत होती, आणि घरात सगळ्यांच्या मनात एकच धास्ती. सासूबाई भांडी आपटायला लागल्या म्हणजे समजायचं की त्यांना रडू येतंय.

शेवटी सिस्टर आल्या त्या टॅब छातीशी धरूनच. "मोठ्या डॉक्टरांचा निरोप आलाय," त्या म्हणाल्या. "ते म्हणतात, फोटो बघता औषध लागू पडतंय, पण मधेच काहीतरी बिघडतंय. घरी काय होतंय ते शोधा. नाही सापडलं तर पुढच्या महिन्यात दाखल करून घेऊ."

यांनी चाक थांबवलं.

सिस्टरांनी टॅब ओट्यावर ठेवला आणि सगळे फोटो ओळीने लावले. "तुम्हीच बघा. हा चांगला, हा चांगला, हा वाईट. पुन्हा चांगला, चांगला, वाईट. पाण्यात गेला का पाय? पडलात का कुठे? जास्त वेळ उभे राहिलात का?"

"छे," अण्णा म्हणाले. ते खिडकीकडे बघत होते.

मी फोटोतली जखम बघत होते. हेही तेच बघत होते. सासूबाईंनी मात्र चष्मा नाकावर घेतला, वाकल्या, आणि जखमेवरून बोट पुढे सरकवून फोटोच्या कोपऱ्यावर ठेवलं.

"ही मडकी कच्ची आहेत," त्या म्हणाल्या.

"कुठली मडकी?" सिस्टरांनी विचारलं.

"पायामागची. काळपट आहेत बघा, अजून भाजायची आहेत. याही फोटोत कच्ची." बोट पुढे गेलं. "आणि या वाईट फोटोत लालभडक. म्हणजे आदल्या दिवशी भट्टी होती." बोट आणखी पुढे गेलं. "इथे कच्ची. इथे कच्ची. आणि इथे परत लाल!" त्या ताठ उभ्या राहिल्या आणि कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे वळल्या. "अहो. भट्टीच्या दिवशी तुम्ही काय करता?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भट्टी भडकली की आम्ही थकून जायचो, आणि जाळ ओसरला की अण्णा मोठ्या मायेने म्हणायचे, "जा रे पोरांनो, पडा जरा. मी बसतो राखणीला." किती बरं वाटायचं ऐकून! मी तर यांना म्हटलंही होतं, अण्णा वरून कडक आहेत पण मनाने मऊ.

"बसतो राखणीला," अण्णा म्हणाले.

"आणि?"

"आणि पट्टी काढून पाय जरा शेकतो." आता बांध फुटलाच. "मग काय करू? त्या पट्टीखाली सगळं ओलं राहतं! ओलं भांडं कधी टिकलंय का? ओलं म्हणजे कच्चं. सुकल्याशिवाय आणि भाजल्याशिवाय एखादी वस्तू पक्की झालेली मी तरी जन्मात पाहिली नाही. म्हटलं, चार शेक बसले की होईल ठणठणीत."

"आणि पट्टी परत कोणी बांधली?" सिस्टर चकित होऊन म्हणाल्या. "मला ओळखूसुद्धा आली नाही!"

"जन्मभर मडक्यांना दोऱ्या बांधल्यात, बाई," अण्णा जरा अभिमानानेच म्हणाले.

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. त्या आता झाडणार असं मला वाटलं, पण त्यांच्या आधी सासूबाई पुढे झाल्या. सावलीत सकाळची ताजी मडकी ओळीने ठेवलेली होती आणि त्यांवर भिजवलेलं फडकं पसरलेलं होतं. सासूबाईंनी त्या फडक्याचं टोक चिमटीत धरून उचललं.

"हे फडकं इथे कोणी टाकलं?"

"मी सांगितलं पोराला टाकायला."

"ओलं फडकं का? सुकवायचीयत ना? मग टाका उन्हात. ठेवा भट्टीपुढे."

"वेडी का काय तू?" अण्णा खेकसले. "ताजी आहेत ती! एकदम सुकली तर चिरतील. आतून हळूहळू..."

ते थांबले. तोंड तसंच उघडं राहिलं. त्यांनी फडक्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे, मग पुन्हा फडक्याकडे.

"बोला ना," सासूबाई म्हणाल्या. "आतून हळूहळू काय?"

"भेगा पडतात," अण्णा अगदी बारीक आवाजात म्हणाले.

आधी यांना हसू फुटलं, मग मला, आणि मग सिस्टर अशा हसल्या की त्यांना ओट्याचा आधार घ्यावा लागला. सासूबाई हसता हसता रडत होत्या आणि त्याच ओल्या फडक्याने डोळे पुसत होत्या. अण्णांनी थोडा वेळ फुरंगटून पाहिलं, पण त्यांच्याही मिशा हलायला लागल्या.

"अहो अण्णा, मी ओल हवी, ओल हवी म्हणून कंठशोष करत होते," सिस्टर म्हणाल्या. "मडक्याचं सांगायला हवं होतं, हे मला सुचलंच नाही." त्यांनी तिथल्या तिथे सगळं टॅबमध्ये लिहिलं, आणि यांना पुढच्या भट्ट्यांचे दिवस विचारून तेही भरले. आता त्या नेमक्या भट्टीच्या दिवशी येणार होत्या. संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांचं उत्तर घेऊन त्या परत आल्या. दाखल करायचं तूर्त थांबवलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, "भट्टीवर बाईंचा पहारा ठेवा."

"वाचा, वाचा परत," सासूबाई म्हणाल्या. तो निरोप त्यांनी सिस्टरांकडून दोनदा वाचून घेतला.

पुढची भट्टी लागली तेव्हा अण्णांची खाट पार कुंपणापाशी, झाडाखाली टाकलेली. पाय उशीवर. तिथून ते ओरडायचे, "डावीकडे लाकूड कमी पडलंय! धूर बघ, धूर!" आणि हे इकडून ओरडायचे, "दिसतंय मला!" अण्णा उठायला लागले की सासूबाई नुसतं ते फडकं हवेत हलवून दाखवायच्या आणि ते परत आडवे व्हायचे. गावात ही गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? रस्त्याने जाणारे विचारायला लागले, "काय अण्णा, सावलीत ठेवलंय का तुम्हाला?" अण्णा उत्तर द्यायचे, "ताजा आहे अजून." आता चारचौघांत बसताना ते वाऱ्याकडे बघत नव्हते.

सिस्टर दर खेपेला फोटो काढत गेल्या. आता ओळीत वाईट फोटो येईना. जखम बोराएवढी झाली, मग वाटाण्याएवढी. अण्णा रोज माती बघायला यायचे, पण हल्ली गोळा बराच वेळ चोळावा लागायचा. कधी कधी ते काहीच न बोलता गोळा परत ठेवायचे आणि जायचे. "हं" सुद्धा नाही. मला वाटायचं, आज त्यांचं लक्ष नसेल.

उन्हाळा उतरणीला लागला तेव्हा एका सकाळी सिस्टरांनी पट्टी सोडली आणि मोजपट्टी चिकटवली, पण मोजायला काही उरलंच नव्हतं. गुलाबी, चकचकीत, पातळ कातडं. त्यांनी फोटो काढला आणि टॅब आम्हा सगळ्यांकडे वळवला. अण्णांनी पायाला हात न लावता जमिनीकडे पाहिलं, मग हळूच बोटाच्या पेराने नडगीवर टकटक केलं.

"काय म्हणतोय?" सिस्टरांनी विचारलं.

"पक्का," अण्णा म्हणाले. सासूबाईंनी आत जाऊन भांडी आपटली.

सिस्टरांनी बजावलं की आता रोज घट्ट मोजे घालायचे, कायमचे, आणि फार वेळ उभं राहायचं नाही. "जखमेचं पान बंद करते. पण लक्ष ठेवणार आहे मी. या टॅबला सगळं आठवतं."

"एक विचारू?" अण्णा म्हणाले. त्यांनी मातीच्या खड्ड्याकडे पाहिलं. माती मी नुकतीच तुडवून ठेवली होती, वरून हात फिरवावा अशी गुळगुळीत.

सिस्टरांनी खड्डा पाहिला, पाय पाहिला. "दोनच फेऱ्या. मग लगेच धुऊन, कोरडा करून, मोजा."

यांनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने, आणि अण्णा मातीत उतरले. आधी टाच, मग चवडा. गार मातीने त्यांचे डोळे मिटले. आमचे हात सोडून ते एकटेच कडेने निघाले. मधेच थांबले, डावी टाच दाबली, तशीच फिरवली. मग ते पुढे गेले, आत आले, पुन्हा कडेला गेले. मागे उमटलेली पावलं मी बघत होते. डावं आणि उजवं, दोन्ही सारखीच खोल गेली होती.

ते बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

"खडा नाही," ते म्हणाले.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "काय म्हणालात? जरा मोठ्याने म्हणा की. रस्त्यापर्यंत जाऊ दे."

"खडा नाही!" अण्णा ओरडले. मग मातीच्या पायांनीच खिडकीपाशी गेले आणि तिथले सगळे खडे तळव्याने ढकलून त्यांनी बाहेर रस्त्यावर लोटून दिले. एक मात्र उचलून त्यांनी परत खिडकीत, अगदी मधोमध ठेवला.

"आता तो कुणाचा?" मी विचारलं. माझा आवाज जरा तिखटच निघाला.

"तो राहू दे," अण्णा म्हणाले. "तो माझा. भट्टीपुढे बसलो, त्याचा."